तोकडी समजूत

‘या कपाटातल्या एकाही पोराला वाद घालता येत नाही,’ देवणीकर सर म्हणाले. ‘ते तू सिद्ध करायचंस.’

‘आणि आला तर, सर?’

‘काय आला तर?’

‘वाद घालता.’

‘नाही येत. मीच गाइड होतो सगळ्यांचा.’

एवढं बोलून त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि चहाला निघून गेले. मी कपाट उघडलं तर वरच्या फळीवरचे बाइंड केलेले चार प्रबंध माझ्या अंगावर आले. डोक्याला टेंगूळ आलं ते आठवडाभर टिकलं. माझ्या संशोधनाची सुरुवात अशी रीतसर डोक्यावरच झाली.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजीची हंगामी लेक्चरर होते आणि जूनच्या आत एम.फिल. झाले नाही तर घरी बसायचं, असं संस्थेच्या सचिवांनी मला हसत हसत सांगितलं होतं. म्हणून विद्यापीठात नाव घातलं. गाइड मिळाले डॉ. भालचंद्र देवणीकर. सर वाईट नव्हते. इंग्रजी असं बोलायचे की शिपायालाही समजल्यासारखं वाटायचं. फक्त आपण एकदा बोललो की तो विषय जगात संपला, अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती.

त्या वर्षी विलायतेहून एक बाई व्याख्यानाला येऊन गेल्या. त्यांनी सांगितलं की चांगला प्रबंध तीन चालींत सुरू होतो. आधी आपलं क्षेत्र दाखवायचं. मग आधीच्या लोकांनी त्यात काय चुकवलं, काय सोडलं ते दाखवायचं. मग ते आपण कसं भरून काढणार ते सांगायचं. मी शेजारणीला म्हणाले, म्हणजे प्लॉट दाखवा, आधीच्या मालकाची भिंत वाकडी आहे म्हणा, आणि आपला बंगला बांधा. बाई हे ऐकून हसल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, तरी हसल्या. सरांना मात्र त्या तीन चालींचं वेड लागलं. आपल्या विभागातले इतक्या वर्षांचे प्रबंध या मापाने मोजायचे, हा विषय त्यांनी मला दिला. उत्तरही सोबतच दिलं.

मी कपाट वाचायला बसले. खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरापोरींनी घाम गाळून लिहिलेलं इंग्रजी ते. प्रत्येकात ऋणनिर्देश निष्कर्षापेक्षा लांब. सरांच्या पत्नीच्या चहाचे आभार तर झाडून सगळ्यांनी मानलेले. एकाने आपल्या म्हशीचे आभार मानले होते, कारण तिचं दूध विकून टायपिंग झालं होतं. हे कोणाला खरं वाटत नाही. पण म्हशीचं नाव चंद्री होतं, आणि नाव मी कशाला बनवीन?

पहिली चाल सगळ्यांत होती. तिसरीही होती. दुसरी मात्र नावाला सापडेना. ‘अमुक विद्वानांचं हे म्हणणं चुकीचं आहे’ असं वाक्य अख्ख्या कपाटात नव्हतं. मोठ्या माणसाला सगळ्यांनी फक्त नमस्कारच घातलेले.

मी सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. ‘झालं! हेच लिही. आमच्या ग्रामीण विद्यार्थ्यांना दुसरी चाल येत नाही. त्यांच्यात टीकेची वृत्तीच नाही.’

‘मग पुढे काय, सर?’

‘पुढे पूर्वतयारी वर्ग. खेड्यातल्या कॉलेजातून येणाऱ्याला एम.फिल.च्या आधी एक जादा वर्ष. वाद घालायला शिकवू आपण त्यांना. प्रस्ताव तयार आहे माझा, फक्त तुझा प्रबंध जोडायचा राहिलाय.’

जादा वर्ष. सरांना ते कॅलेंडरचं एक पान वाटत होतं. माझ्या वडिलांनी मला एम.फिल.साठी एक वर्ष दिलं होतं, तेही माझ्या आत्याने अन्न सोडायची धमकी दिली तेव्हा. दोन मागितली असती तर त्याच वैशाखात माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या असत्या. हॉस्टेलवरच्या निम्म्या मुलींचं तेच. माझ्या प्रबंधावर सही झाली की त्यांच्या वाटेवर फाटक बसणार होतं, आणि फाटकावर नाव माझं.

पण पुरावा सरांच्या बाजूने होता. मी तरी काय करणार?

जुन्या विद्यार्थ्यांना भेटून दोन शब्द नोंदवायचे म्हणून मी उदगीरला गेले. इंदुमती बिडवे तिथल्या कॉलेजात शिकवत होत्या. बारा वर्षांपूर्वी त्यांनी एका इंग्रजी कादंबरीवर प्रबंध लिहिला होता, तो माझ्या पिशवीतच होता. मी पोचले ती जेवायच्या वेळेला; हे मला नेहमीच जमतं.

‘आधी पाटावर बस,’ इंदूताई म्हणाल्या. ‘संशोधन जेवल्यावर.’

त्यांचे यजमान, बिडवे गुरुजी, शेजारी बसले. शाळेत गणित शिकवायचे. वरणाचा पहिला घास घेतला आणि ते जरा थांबले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘आज माझ्या जिभेला काय झालंय कुणास ठाऊक. चवच कळेना.’

इंदूताई उठल्या, मिठाची वाटी आणली, आधी माझ्या पानात वाढलं, मग त्यांच्या. पुन्हा जेवण सुरू.

वरण ठार अळणी होतं. मी मघापासून ते गुपचूप गिळत होते.

‘गुरुजी,’ मी म्हणाले, ‘सरळ अळणी आहे म्हणायचं की.’

‘दिवसभर शिकवून येते आणि रांधते ती. पाहुण्यांसमोर तिला अळणी म्हणू?’ गुरुजी म्हणाले. ‘माझ्या जिभेला म्हणतो. जीभ काय रुसत नाही. आणि मीठ तर आलं ना?’

‘यांचं सगळं असंच,’ इंदूताई म्हणाल्या. ‘साडी आवडली नाही की म्हणतात, माझा चष्मा बदलायला झालाय.’

माझा हात तसाच पानात राहिला. मी तोंडातला घास कसाबसा गिळला आणि डाव्या हाताने पिशवी ओढली. प्रबंध काढला, पान उघडलं. त्यावरचं एक वाक्य मी ‘नम्रता’ या सदरात टाकलं होतं, आणि तसली वाक्यं कपाटभर होती म्हणून पुढे वाचायचंही सोडलं होतं. वाक्य इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते: ‘माझ्या तोकड्या समजुतीमुळे, नायिकेने मामाच्या इस्टेटीवर पाणी सोडलं हा तिचा भाबडेपणा होता, हे आदरणीय डॉ. देवणीकरांचं मत मला आकळू शकलं नाही. मला ती पूर्ण विचार करून त्या घरातून उठलेली दिसते.’

‘ताई, हे काय आहे?’

त्यांनी वाकून पाहिलं. पदराला हात पुसले. गुरुजींकडे एकदा बघितलं.

‘ते?’ त्या म्हणाल्या. ‘ते भांडण आहे.’

‘सरांशी?’

‘मग कोणाशी? त्यांचा लेख आहे तसा, छापलेला. सगळा चुकीचा. ती बाई भाबडी बिबडी काही नव्हती. तिला त्या घराचं मिंधेपण नको होतं. आम्हा बायकांना पहिल्या वाचनात कळलं ते. पण ज्यांनी सही करायची त्यांनाच कसं लिहायचं, तुम्ही चुकलात?’

‘मग सरांना कळलं नाही?’

‘ज्याला आपली जीभ तपासायची सवय नाही, त्याला कसं कळणार?’

मी तिथेच पानावरून उठून उड्या मारायला लागले, असं मी सांगते ते थोडं जास्त आहे. पण पाट सरकला एवढं नक्की.

‘ताई, हे मी लिहिणार.’

‘लिही. पण माझं नाव नको घालू,’ त्या एकदम म्हणाल्या. ‘आमच्या कॉलेजात विभागप्रमुखाची जागा निघालीय. निवड समितीवर सर आहेत. बारा वर्षं वाट बघितली मी त्या खुर्चीची.’

‘नाही घालणार.’

‘शपथ?’

‘तुमच्या अळणी वरणाची,’ मी म्हणाले. गुरुजींना ठसका लागला.

परत येऊन मी कपाट पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आता कुठे वाचायला शिकले होते. ‘माझ्या अल्पमतीला’, ‘माझ्या अपुऱ्या अभ्यासामुळे’, ‘सरांच्या खोल विवेचनाच्या तळाशी मला पोचता आलं नाही’. जिथे जिथे पोरं जमिनीपर्यंत वाकली होती, तिथे तिथे त्यांनी कोणाचं तरी म्हणणं खोडून काढलं होतं. आणि ते ‘कोणी तरी’ बहुतेक वेळा आमचे सरच होते. पंधरा वर्षं त्यांच्याशी त्यांच्याच टेबलावर भांडण चाललं होतं आणि ते सह्या करत होते. आणखी काही जणांना गाठलं. सगळ्यांनी कबूल केलं, आणि सगळ्यांनी नाव नको म्हणून हात जोडले.

माझी रूममेट शैला म्हणाली, ‘मग तूही तसंच लिही ना. माझ्या तोकड्या समजुतीमुळे विद्यार्थी कमी पडतात हे सरांचं मत मला आकळलं नाही. सही होईल, तू सुटशील.’

सुटले असते. पण तो पूर्वतयारी वर्ग टळला नसता. सरांनी ते वाक्य नम्रता म्हणून वाचलं असतं आणि प्रबंध प्रस्तावाला जोडला असता. म्हणून मी पहिल्याच प्रकरणात, विलायती बाईंनी सांगितलेल्या जागी, दुसरी चाल खेळले. नाव घेऊन लिहिलं: डॉ. देवणीकर यांचं म्हणणं आहे की आमच्या विद्यार्थ्यांना मतभेद मांडता येत नाही. हे म्हणणं चूक आहे. विद्यार्थी मतभेद मांडतात. वाचणाऱ्याला तो वाचता येत नाही.

सरांनी ते वाचलं तेव्हा मी समोर उभी होते. बस म्हणायचं ते विसरले.

‘मिस घुगे, हा परिच्छेद काढा.’

एरवी ते मला ‘सत्यभामा’ म्हणायचे.

‘कशाला, सर? दुसरी चाल आहे ती.’

‘दुसरी चाल गाइडवर खेळतात?’

‘तुम्ही म्हणालात, खेड्यातल्यांना ती येतच नाही. मी खेड्यातली. आलेली आहे, बघा.’

‘मी सही करणार नाही.’

‘नका करू,’ मी म्हणाले. ‘मग मी सगळ्यांना सांगेन की आमच्याकडे पोरं सरळ का लिहीत नाहीत याचा पुरावा हवा असेल तर माझा बिनसहीचा प्रबंध बघा. आणि सही केलीत तर खेड्यातल्या मुलीला वाद घालता येतो हे तुमच्याच सहीने ठरतं. तुम्ही सांगा, सर, मी काय छापू?’

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं, सायकल स्टँड होता. मग त्यांनी पेन काढलं आणि सही इतक्या जोरात केली की खालच्या कागदावरही उमटली.

‘केली,’ ते म्हणाले. ‘आता एक्स्टर्नल परीक्षक म्हणून हिरेमठांना बोलावतो. ते तुला सोलून काढतील.’

प्राध्यापक हिरेमठ कर्नाटकातले. त्यांच्यापुढे नापास झालेल्या विद्यार्थ्यांची संघटना आहे असं बोललं जायचं. माणूस काडीसारखा, गरम पाण्याशिवाय काही पीत नसे, हसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे मौखिक परीक्षा खुली असायची. खुली म्हणजे कोणीही येऊन बसावं, कोणीही प्रश्न विचारावा. प्रश्न कोणी कधी विचारत नसे; लोक यायचे ते नंतरच्या जेवणाला. जेवण उमेदवाराने द्यायचं ही रीत. शिवाय सरांचे जुने विद्यार्थी न चुकता यायचे, सरांच्या नजरेला पडलेलं बरं म्हणून. त्या दिवशीही मागच्या दोन रांगा भरल्या होत्या. बहुतेक माझ्या प्रबंधातलेच, आपापल्या वाक्यांचे धनी, माना खाली घालून. इंदूताई कडेला बसल्या होत्या. शेजारच्या खोलीतून मसालेभाताचा वास येत होता.

हिरेमठांनी माझा प्रबंध उघडला. सगळं इंग्रजीत चाललं होतं.

‘तुम्ही म्हणता, ही नम्र वाक्यं म्हणजे मतभेद आहेत.’

‘हो, सर.’

‘मला ती नम्र वाक्यं दिसतात.’

‘म्हणूनच प्रबंध लिहिला, सर.’

मागे कोणी तरी खोकलं. हिरेमठांनी गरम पाण्याचा घोट घेतला.

‘उद्या मी म्हणेन, नमस्कार म्हणजे थोबाडीत. तुम्हाला वाटलं म्हणून झालं? लिहिणाऱ्याच्या मनात तेच होतं, हे कशावरून?’

‘मी लिहिणाऱ्यांना विचारलं.’

‘कोणाला? इथे एकही नाव नाही.’

‘नावं देणार नाही, सर.’

‘देणार नाही की देता येत नाहीत?’

‘देणार नाही.’

सर माझ्या बाजूला बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, अगदी निवांत. पंखा फिरत होता. मी नाव घेतलं असतं तर तिथल्या तिथे पास झाले असते. मान जरा वळवली असती तरी चाललं असतं, इतक्या जवळ बसली होती सगळी नावं.

‘मिस घुगे,’ हिरेमठ म्हणाले, ‘तुमचा सगळा निष्कर्ष त्या मुलाखतींवर उभा आहे. साक्षीदाराशिवाय तो मला मान्य करता येणार नाही. मग राहतं काय? या विद्यार्थ्यांना वाद घालता येत नाही, हे डॉक्टर देवणीकरांचं मतच राहतं. समजतंय?’

‘समजतंय, सर. नावं नाही देणार.’

‘नापास झालात तरी?’

‘जेवण तयार आहे, सर,’ मी म्हणाले. ‘नापास केलंत तरी वाढेन. नावं नाही.’

त्यांनी पेन उचललं.

ही गोष्ट मी लग्नकार्यात सांगते तेव्हा इथे मागच्या दोन्ही रांगा एकदम उभ्या राहतात, टेबलं बडवली जातात, आणि एकदा तर मी खिडकीच्या काचाही फोडल्या होत्या. छापायचं आहे म्हणून खरं तेवढं लिहिते. आधी उठल्या त्या एकट्या इंदूताई. पदर खांद्यावरून घेतलेला, आवाज थोडा कापरा.

‘मला प्रश्न विचारायचाय,’ त्या म्हणाल्या. ‘खुली परीक्षा आहे ना?’

हिरेमठांनी पेन खाली ठेवलं. ‘विचारा.’

‘विद्यार्थिनीला नाही. देवणीकर सरांना.’

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ‘बोला, बिडवेबाई.’

‘सर, या प्रबंधात इस्टेट सोडणाऱ्या नायिकेबद्दलचं एक वाक्य दिलंय. ते माझं आहे. माझ्या प्रबंधाचं पान एकशे बारा. त्यात मी तुमचा लेख चुकीचा ठरवलाय.’

सरांचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. त्यांना राग आला नव्हता. त्यांना खरंच काही समजलं नव्हतं.

‘चुकीचा? तुम्ही तर लिहिलंय तुम्हाला आकळलं नाही.’

‘मला स्वच्छ आकळलं होतं, सर.’

‘पण मी ते पान वाचलंय. मी प्रत्येक पान वाचतो.’

‘वाचलंत ना. समासात लाल शाईने लिहिलंय तुम्ही. “छान”.’

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. हिरेमठांनी हात पुढे केला. कपाटातले सगळेच प्रबंध पुराव्यादाखल माझ्या टेबलावर रचलेले होते, फक्त कोणतं वाक्य कोणाचं ते मी कुठे लिहिलं नव्हतं. मी तो काढून दिला. त्यांनी पान उलटलं, पाहिलं, आणि सरांच्या पुढे सरकवलं. सरांनी आपलंच अक्षर पाहिलं.

‘बिडवेबाई,’ ते हळू म्हणाले, ‘तुमची निवड माझ्यापुढे आहे. ठाऊक आहे ना?’

‘ठाऊक आहे. म्हणून तर मघापासून बसून होते. ही पोरगी आमच्यापायी बुडायला निघाली, तेव्हा उठले.’

‘अहो, पण मग सरळ लिहायचं! मी चुकलो होतो तर सरळ लिहायचं, सर तुम्ही चुकलात. मी आयुष्यभर तेच तर शिकवतोय.’

‘लिहिलं असतं,’ इंदूताई म्हणाल्या. आता आवाज कापत नव्हता. ‘तर तुम्ही सही केली असती, सर?’

हो म्हणायला सरांना कोणी अडवलं नसतं. परीक्षा त्यांची, विभाग त्यांचा, मसालेभातही एका परीने त्यांच्याच मानाचा. मी मनात म्हटलं, आता म्हणतील, आणि संपलं.

पण मी आधीच सांगितलं, माणूस वाईट नव्हता. त्यांनी ते लाल ‘छान’ बोटाने झाकलं.

‘नसती केली,’ ते म्हणाले.

हिरेमठांनी पेनाचं टोपण काढलं. ‘डॉक्टर देवणीकर, हे उत्तर मी अहवालात लिहितो. विद्यार्थिनीच्या बाजूने. हरकत आहे?’

‘लिहा,’ सर म्हणाले.

इंदूताई अजून उभ्याच होत्या. आणि मागे, दाराजवळ, आणखी एक खुर्ची सरकली.